मंगलोरी कौलांचं छप्पर स्वतः घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आधी गोठा, मग पडवी आणि शेवटी मुख्य घराची दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना हाताशी घेऊन शाकारली. मी सुतार नाही आणि गवंडीही नाही. तेव्हापासून गावाकडे घर बांधणारे, नाहीतर आजोबांचं पडकं घर उभं करायला निघालेले लोक दर हिवाळ्यात फोन करून तेच तेच विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून ठेवतोय.

हातात कधी करवत धरलेली नाही. मला जमेल का?

कौलं लावणं जमेल. तो खालून वर, ओळीने अडकवत जायचा प्रकार आहे. आमच्या घराची एक बाजू आम्ही दीड दिवसात भरली आणि त्यात चहाच्या वेळाही आल्या. घाम निघतो तो त्याच्या आधी: वासे (आढ्यापासून भिंतीकडे उतरणारी लाकडं) एका पातळीत बसवायला आणि रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना कौलं अडकतात) नेमक्या अंतरावर ठोकायला. तिथे चूक झाली तर कौल ती झाकत नाही, उलट चार माणसांना लांबून दाखवतं. म्हणून वासे आणि आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) बसवायला गावातला सुतार घ्या, दोन दिवस त्याच्या हाताखाली राबा, आणि रिपांपासून पुढचं काम स्वतःकडे ठेवा.

पहिला प्रयोग मुख्य घरावर मात्र करू नका. एकपाखी गोठा, न्हाणीघर, लाकडं ठेवायची खोप, असं काहीतरी शोधा. तिथे गळलं तर म्हैस तक्रार करत नाही.

मंगलोरीच का? नळ्यांची जुनी कौलं का नकोत?

नळे दिसायला देखणे, पण ते नुसते एकमेकांवर टेकलेले असतात. मांजर धावलं तरी सरकतात, म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळं छप्पर चाळावं, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट रचावी लागतात. ते काम जाणणारी माणसंही आता गावागावांतून कमी झाली आहेत.

मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात आणि शेजारचं कौल त्यात बसतं. ही मूळची युरोपातली युक्ती. फ्रान्सच्या आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी असल्या खाचेच्या कौलाचं पेटंट 1841 मध्ये घेतलं होतं. पुढे 1860च्या दशकात बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला, कारण नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती कौलाला उत्तम निघाली. तिथून ही कौलं किनाऱ्याने वर आली. जुनं घर उतरवताना पाठीवर मिशनचा छाप असलेलं कौल आजही हाती लागतं, आणि बहुतेक वेळा ते धडधाकट असतं.

परदेशात पातळ काळ्या दगडाची छपरं दिसतात. तसं इथे करता येईल?

तो पाटीचा दगड, आपण शाळेत ज्यावर पेन्सिलीने लिहायचो तोच. वेल्समध्ये तो निघतो, आपल्याकडे हिमाचलात कांगडा भागात निघतो, आणि तिथली जुनी घरं त्यानेच शाकारलेली आहेत. सह्याद्रीतला काळा दगड किंवा कोकणातला जांभा असा पापुद्र्यांनी सुटत नाही. हौसेपोटी ट्रकभर दगड हिमाचलातून आणणार असाल तर अडवणार नाही, पण एक तुकडा फुटला की दुसरा कुठून आणणार, हे आधी ठरवा.

उतार किती ठेवायचा?

निदान 30 अंश, आणि कोकणात मी 35च्या खाली जाणार नाही. अंश मोजत बसायला नको असेल तर असं धरा: भिंतीपासून आढ्याच्या रेषेपर्यंत आडवं अंतर 10 फूट असेल, तर आढं भिंतीच्या माथ्यापासून 6 फूट उंच ठेवलं की 31 अंश होतात, 7 फूट ठेवलं की 35.

वळचणीचं (छपराच्या खालच्या कडेचं) पाणी आढ्याला जात नाही, अशी म्हण आहे. आषाढातला नैर्ऋत्येचा वारा ही म्हण मानत नाही. तो पाण्याला कौलाच्या सांध्यातून चक्क वर ढकलतो. उतार कमी असला की पाणी रेंगाळतं आणि वाऱ्याला ते उचलायला वेळ मिळतो. पडवीला मुख्य छपराचाच उतार पुढे वाढवायच्या नादात बरेच जण तो पसरट करतात, कारण नाहीतर पडवीची पुढची कड डोक्याला लागते. मग दर पावसाळ्यात पडवीत बादल्या मांडतात.

कौलं किती लागतील?

एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, फूटतूट धरून दीडशे. नेमका आकडा कौलाच्या मापावर आहे.

उदाहरण घेऊ. घर 20 फूट रुंद, 30 फूट लांब, मधोमध आढं, उंची 6 फूट. वाशाची लांबी आढ्यापासून भिंतीपर्यंत सुमारे पावणेबारा फूट होते. वळचण सव्वादोन फूट बाहेर काढली की 14 फूट. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बाहेर काढलं की लांबी 33 फूट. एक पाखं 462 चौरस फूट, दोन्ही मिळून 924. म्हणजे सव्वानऊ ब्रास, म्हणजे सुमारे 1400 कौलं. आढ्यावरचे कोने (दोन पाख्यांमधला माथा झाकणारी कौलं) फुटाला एक धरा आणि वर दोन-तीन जास्त सांगा.

आता वजन. एक कौल अडीच किलोच्या आसपास धरलं तर 1400 कौलं साडेतीन टन झाली, तीही कोरडी. पावसात भिजली की आणखी भर. हे ओझं डोळ्यासमोर ठेवूनच वासे निवडा. पत्र्यासाठी उभारलेल्या हलक्या सांगाड्यावर कौलं चढवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका.

चांगलं कौल ओळखायचं कसं?

बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. मग ढिगाऱ्यातली कुठलीही चार कौलं, वरची नव्हेत तर मधली, उन्हात कडक वाळवून वजन करा आणि रात्रंदिवस पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. अडीच किलोचं कौल अर्धा किलोहून जास्त पाणी प्यालं तर ते माझ्या घरावर चढत नाही.

तिसरी परीक्षा लोक विसरतात. सपाट फरशीवर कौल ठेवून कोपरे दाबून बघा. डुगडुगत असेल तर ते भट्टीत वाकलंय. दहातलं एखादं वाकलेलं चालतं, ते कडेला कापायला वापरता येतं.

आणि दोन कारखान्यांची कौलं एका पाख्यावर कधीही मिसळू नका. केरळचं, मोरबीचं, मंगळूरचं सगळं ‘मंगलोरी’ म्हणूनच विकलं जातं, पण खाचा जुळत नाहीत. जुनी उतरवलेली कौलं घेत असाल तर छाप बघून वेगळी लावा. पुरली नाहीत तर एक पाखं जुन्याचं आणि दुसरं नव्याचं करा.

रिपांमधलं अंतर किती?

याचं उत्तर फोनवर मागू नका. कौल घरी येईपर्यंत एकही रीप ठोकू नका.

बहुतेक कौलांना साडेबारा ते तेरा इंच लागतात, पण ‘बहुतेक’ या शब्दावर छप्पर उभं राहत नाही. सपाट जागी दहा कौलं एकाखाली एक, पालथी, खाचेत खाच घालून मांडा. आधी जितकी आत सरकतील तितकी सरकवून पहिल्या कौलाच्या पाठीवरच्या दातापासून (रिपेला अडकणारा उंचवटा) शेवटच्याच्या दातापर्यंत मोजा. मग खाच न सोडता जितकी ताणता येतील तितकी ताणून पुन्हा मोजा. दोन्ही मापांची सरासरी काढा आणि तिला नवाने भागा, कारण दहा कौलांमध्ये अंतरं नऊच असतात. हे तुमचं माप.

आता माझी फजिती. गोठ्याच्या वेळी मी या मापाची एक काठी कापली आणि प्रत्येक रीप ठोकली की काठी टेकवून पुढची ठोकत गेलो. काम भराभर चाललं होतं आणि मी खूश होतो. प्रत्येक वेळी डाव्या हाताकडे काठी सुतभर तिरकी टेकत होती, ते कळलंच नाही. एका इंचात आठ सूत. चौदा रिपा झाल्यावर वरच्या ओळीत एका टोकाला दीड इंचाहून जास्त फरक पडला. कौलं उजवीकडे घट्ट बसली, डावीकडे खाचेतून सुटायला लागली. तेरा रिपा उपसून पुन्हा ठोकल्या. खिळे ओढताना त्यातल्या चार चिरल्या.

म्हणून काठी नको. दोन्ही टोकांच्या वाशांवर टेप खालून वर एकदाच ताणा आणि सगळ्या रिपांच्या खुणा एकाच शून्यापासून करा. मग दोरीला नीळ किंवा गेरू लावून दोन खुणांमध्ये सूत मारा. मधल्या प्रत्येक वाशावर रेघ उमटते आणि रीप त्या रेघेवर बसते. सूत मारण्याआधी पाखं चौकोनी आहे ना, ते कर्ण मोजून बघा. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत, तर कडेची कौलं तिरकी कापत बसावी लागतील.

वळचणीची पहिली रीप वेगळी असते म्हणतात. ते का?

वरच्या प्रत्येक कौलाचं खालचं टोक खालच्या कौलाच्या पाठीवर टेकलेलं असतं, म्हणून ते उचललेलं राहतं. पहिल्या ओळीखाली कौल नसतं. रीप साधीच ठेवली तर ती ओळ नाक खाली घालते, दुसऱ्या ओळीशी फट पडते आणि त्या फटीत वारा शिरतो. म्हणून अगदी कडेला कौलाच्या जाडीइतकी उंच रीप लावा, किंवा दोन रिपा एकावर एक ठोका. छपराखाली उभं राहून वर बघितलं तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पन्हळ लावणार असाल तर पहिलं कौल तिच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत आत आलं पाहिजे. लावणार नसाल तर पागोळ्या पडतील त्या रेषेवर जांभ्याचे तुकडे पसरा, नाहीतर जोत्यावर माती उडते.

लाकूड कोणतं? की लोखंडी ट्यूब?

आमच्या जुन्या घरात वासे किंजळीचे आणि रिपा पोफळीच्या होत्या. पोफळ पूर्ण जून झालेली असेल, तर रीप म्हणून आमच्यापेक्षा जास्त टिकते. फणस, ऐन, साग हेही चांगलेच. कच्चं, ओलं लाकूड घेऊ नका. वाळताना ते पिळतं आणि कौलं घेऊन पिळतं. वाळवी-भुंग्यासाठी काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत आहे आणि ते काम करतं, पण हातमोजे घाला. कातडी भाजून फोड येतात, हे मी मोजे न घालता शिकलो.

लोखंडी ट्यूब सरळ असते, वाळवी लागत नाही, काम पटकन होतं. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत असाल, तर वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासून त्याला प्रायमर लावल्याशिवाय वर चढवू नका. गंज तिथूनच सुरू होतो, आणि कौलं चढल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

कौलं वर चढवायची आणि लावायची कशी?

माणसं सहा तरी हवीत. शिडीवर एक, वर दोन, खाली तीन, आणि कौल हातोहात वर. दोन्ही पाख्यांवर सारखीच चढवत जा. एकाच बाजूला टनभर ओझं आणि दुसरी बाजू मोकळी, असं ठेवलं तर आढं एकीकडे झुकतं. रिपांवर चार-चारच्या चवडी विखरून ठेवा.

खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. उजवीकडून की डावीकडून, ते कौलाची खाचच सांगते: जी कड दुसऱ्याच्या खाली जाते ती आधी. पहिली ओळ दोरी धरून लावा, मग दर पाच-सहा कौलांनंतर उभी रेघ डोळ्याने तपासा. कौल बसलं की बोटांनी हलकेच खाली ओढून बघायचं. दात रिपेला लागल्याचा एक बारीक ‘टक’ येतो. तो आला नाही तर ते कौल अधांतरी आहे. शेजारच्या आजोबांनी हे मला शिकवलं. ते खाली खुर्चीवर बसून नुसत्या आवाजावरून ‘ते तिसरं पुन्हा लाव’ म्हणायचे आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे.

कापायचं असेल तर ग्राइंडरला डायमंड चाक लावा, कौल भिजवून घ्या आणि तोंडाला मास्क लावा. ती लाल धूळ फुप्फुसात जायला नको.

कोने सिमेंटने लिंपायचे का?

हो, पण नुसत्या कडांना. चार भाग वाळू, एक भाग सिमेंट. कोने आणि वरच्या ओळीची कौलं आधी पाण्यात चांगली भिजवा, कोरडं कौल मालातलं पाणी ओढून घेतं आणि माल पिठासारखा सुटतो. आतली पोकळी पूर्ण भरू नका. उगाच वजन वाढतं आणि तडे जातात. पूर्वी चुना वापरत, तो थोडा लवचीक असायचा. सिमेंटला दोन-तीन वर्षांत केसासारखे तडे जातातच, ते दर मे महिन्यात बघून बुजवा.

दोन पाखी आत मिळतात तिथे काय करायचं?

शक्य असेल तर असं घरच बांधू नका. साधं दोन पाख्यांचं घर सगळ्यात कमी गळतं. बांधलंच असेल, तर त्या खोलगट रेषेत आधी फळी, तिच्यावर निदान दीड फूट रुंद गॅल्व्हनाइज्ड पत्रा, त्याच्या दोन्ही कडा वर वळवलेल्या, आणि कौलं दोन्हीकडून त्याच्यावर चार-चार इंच आलेली. मध्ये हात जाईल इतकी वाट मोकळी ठेवा. आंब्याची पानं तिथेच अडकतात.

वादळात कौलं उडतात. त्यावर उपाय?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं. छपरं बहुधा कडेपासून उघडतात: वळचण, दोन्ही टोकं आणि आढं. तिथला वारा कौल वर ओढतो. मधल्या भागातलं कौल शेजाऱ्यांच्या वजनाने तग धरतं, कडेचं एकटं पडतं.

म्हणून सगळी नाही, तरी वळचणीच्या दोन ओळी, टोकांच्या दोन-दोन रांगा आणि आढ्याखालची ओळ तारेने रिपेला बांधा. पुष्कळ कौलांच्या पाठीला तारेसाठी भोक असतं. विकत घेतानाच ते बघून घ्या. तार तांब्याची असेल तर उत्तम. आणि वासे भिंतीच्या माथ्यावरच्या पाटाला (वासे टेकतात त्या लाकडाला) पट्टीने जखडलेले हवेत, नाहीतर कौलं जागेवर राहतील आणि छप्परच उठेल.

माकडांचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. फणस-आंब्याच्या दिवसांत वानरांची टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कौलं जातात. या एका कारणाने अनेकांनी कौलं उतरवून पत्रा घातलाय. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्याने थोडा फरक पडतो.

काही जण खाली पत्रा आणि वर कौलं असं करतात. कौल फुटलं तरी घर गळत नाही, म्हणून पद्धत वाईट नाही. फक्त सपाट पत्र्यावर आडव्या रिपा थेट ठोकू नका. प्रत्येक रीप बांध होते आणि तिच्यामागे पाणी साचतं. आधी उतारावरून खाली जाणाऱ्या उभ्या पट्ट्या ठोका, त्यांच्यावर आडव्या रिपा. नालीदार पत्रा असेल तर खिळा उंचवट्यावर मारा, नालीत कधीच नको.

छपरावर चालायचं कसं?

अनवाणी, कोरड्या कौलावर, आणि पाय जिथे वरचं कौल खालच्यावर चढलंय तिथे. तिथे खाली रीप असते. कौलाच्या पोटावर पाय दिला की ते गेलंच. काचेच्या कौलावर कधीही नाही. जास्त वेळ काम असेल तर शिडी आढ्यावरून दुसऱ्या बाजूला बांधून पाख्यावर आडवी टाका. कमरेला पट्टा आणि दोर बांधा. गावात हसतात, हसू द्या. घरात येणारी विजेची तार छपराजवळून जात असेल तर वायरमनला सांगून ती बंद करून घ्या. पावसात, शेवाळ असताना वर चढू नका. गळतंय तर खाली पातेलं ठेवा आणि उघडीप बघा.

कौलांना रंग द्यावा का?

नको.

गळतंय, पण कुठून ते सापडत नाही.

थेंब पडतो त्याच्या वर भोक नसतं. पाणी कौलातून रिपेवर येतं, रिपेवरून वाशावर, आणि वाशावरून चार-पाच फूट खाली येऊन मग टपकतं. भर दुपारी माळ्यावर जा, दिवे बंद करा आणि डोळे सरावले की वर बघा. जिथे उजेडाचा टिपका दिसेल तिथे झाडूचा हीर खालून खुपसून ठेवा. बाहेर चढणाऱ्याला तो दिसतो. मी एका दुपारी अकरा हीर खुपसले होते. त्यातली नऊ कौलं नुसती सरकलेली निघाली, फुटलेली दोनच. खाचेत पानांचा चोथा आणि माती साचली तरी पाणी आडवं पसरतं. जुन्या वेल्डिंगच्या काडीने ती खाच उकरून काढा.

कोणत्या महिन्यात काम काढावं?

दिवाळी झाली की लाकूड, थंडीत रिपा, मार्चपर्यंत कौलं. मे महिना चुकलेलं दुरुस्त करायला ठेवा. मृगाच्या तोंडावर सुतार कोणाच्याही हाती लागत नाही.

जास्तीची कौलं किती ठेवावीत आणि कशी?

पन्नास तरी, त्याच छापाची, शिवाय दोन काचेची आणि चार कोने. आडवी रचू नका, खालची चिरडतात. घराच्या मागे भिंतीला टेकून, उभी. आणि पावसाळ्यात त्यातलं एखादं काढायची वेळ आली की हात घालण्याआधी काठीने चळत हलवा. ती कोरडी, उबदार फट विंचवांनाही आवडते.